आमच्या वाडीच्या शाळेचा पट नऊ, सोमवारी विशेष ग्रामसभा. काय करावं?

साकवापलीकडे · ८ जुलै २०२५, रात्री ९.४०

नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीत राहते. गावाचं आणि शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आमच्या बाई शाळेत एकट्या आहेत, माझ्या लिहिण्याचा त्यांना त्रास नको.

शाळा पहिली ते चौथी. पट नऊ: पहिलीत दोन, दुसरीत तीन (त्यात माझा मुलगा), तिसरीत एक, चौथीत तीन. पुढच्या जूनमध्ये चौथीचे तिघे गेले की सहा उरतील आणि अंगणवाडीतून एकच मूल येईल. गेल्या आठवड्यात शाळा व्यवस्थापन समितीच्या नावाने पत्र आलं. पट कमी असल्यामुळे आमची मुलं गावातल्या मोठ्या शाळेत समायोजित करायची आहेत, समितीने अभिप्राय कळवावा. पत्रात पट आठ लिहिलाय, कारण पहिलीतल्या एका मुलीचं आधार जुळत नाही. ती रोज शाळेत येते, खिचडी खाते, पाढे म्हणते, पण मोजणीत नाही. आणि पुढे लिहिलंय, अंतर ९०० मीटर.

त्या ९०० मीटरपाशी मी अडकले आहे. आमच्या वाडीतून गावात जायचं तर आधी पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची पायवाट, उतरायची, मग पऱ्या, म्हणजे ओढा. पऱ्यावर साकव, म्हणजे छोटा पूल आहे, त्याचा एका बाजूचा कठडा २०२१ च्या जुलैच्या पुरात गेला तो अजून नाही. साकव ओलांडला की शेताच्या बांधावरून चालायचं, मग चढण, मग डांबरी रस्ता. मुलाला घेऊन उन्हाळ्यात मला पस्तीस मिनिटं लागतात. पावसात पऱ्याला पाणी आलं की ती वाटच नाही, मग गाडीरस्त्याने मोठा वळसा घालायचा.

परवा आषाढीला आमच्या नऊ जणांची दिंडी निघाली. एक विठ्ठल, एक रखुमाई, सात वारकरी. सगळी वाडी बघायला उभी होती.

समितीत आम्ही बहुतेक आयाच आहोत. सोमवारी, १४ तारखेला ग्रामसभा आहे. ठरावात काय लिहायचं? कुणाच्या गावी शाळा अशी जोडली असेल तर नंतर काय झालं ते सांगा. चांगलं झालं असेल तर तेही सांगा, मला खरंच ऐकायचंय.

---

दिवा_लोकल · ८ जुलै, रात्री १०.१५

ताई, माझं गाव तुमच्याच बाजूला, लांजा तालुक्यात. आमच्या वाडीची शाळा लोकल बोर्डाच्या काळातली, जिल्हा परिषद १९६२ ला आली त्याच्या आधीची. जागा आमच्या पणजोबांच्या भावकीने दिली, चिरे वाडीतल्या लोकांनी डोक्यावरून आणले. मी १९८८ साली पहिलीत गेलो तेव्हा आम्ही चार वर्गांत मिळून पन्नासच्या वर होतो. आज तिथे सहा आहेत.

कुठे गेली पोरं, तर मीच सांगतो. माझी दोन दिव्यात शिकतात. चुलत भावाची नालासोपाऱ्यात. गणपतीला आम्ही सगळे आलो की शाळेच्या पटांगणात चाळीस मुलं खेळतात, आणि गौरी-गणपती विसर्जन झालं की परत सहा. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण पट आमच्या घरांतून कमी झालाय, हे आम्ही मान्य केलं पाहिजे.

मुंबई मंडळाची मदत लागली तर सांगा. रंग, पत्रे, संगणक, जे लागेल ते.

---

साकवापलीकडे · ८ जुलै, रात्री १०.३२

दादा, आमच्याही मंडळाने गेल्या वर्षी मोठा टीव्ही दिला, मुलं त्यावर रोज गोष्टी बघतात. वस्तूंची उणीव नाही. नऊच्या जागी पंधरा मुलं कुठून आणायची, हा प्रश्न आहे.

---

कलमवाचक · ९ जुलै, सकाळी ७.५०

मी वकील नाही, पण आमच्या शाळेच्या वेळी कायदा पूर्ण वाचला होता. तुमच्या कामाचं तेवढं सांगतो.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१०. त्याचं सहावं कलम सांगतं की मुलाच्या शेजारात शाळा असणं ही शासनाची जबाबदारी आहे. शेजार म्हणजे पहिली ते पाचवीला एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीला तीन. आणि हे अंतर चालण्याचं आहे. नकाशावर पट्टी ठेवून मोजलेलं नाही. केंद्राच्या २०१० च्या नमुना नियमांत तर डोंगराळ भाग, पूर, दरड, रस्ता नसणं, लहान मुलांना जाता-येता धोका असणं, अशा ठिकाणी ही मर्यादा आणखी कमी करावी असं म्हटलंय.

तुमचे ९०० मीटर हे नक्की हवाई अंतर असणार. पस्तीस मिनिटं लागतात तिथे वाट एक किलोमीटरच्या आत असणं मला कठीण वाटतं. ठराव "आमची शाळा आम्हाला प्रिय आहे" अशा वाक्याने सुरू करू नका. ती प्रिय आहेच. पहिलं वाक्य अंतराचं लिहा.

दुसरं: २१ व्या कलमाप्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. समितीचं मत मागितलंय म्हणजे ते इतिवृत्तात नोंदवून, सह्या करून, पोच घेऊन द्या. तोंडी काही सांगू नका.

---

निवृत्त_गुरुजी · ९ जुलै, दुपारी १.२०

मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेत प्राथमिक शिक्षक होतो, त्यातली चौदा वर्षं अशाच वाडीवरच्या शाळांत. माझं मत इथे बहुतेकांना आवडणार नाही, पण ताईंनी खरं ऐकायचंय असं लिहिलंय म्हणून लिहितो.

एका खोलीत चार वर्ग घेऊन बसलात की शिकवणं कसं चालतं ते सांगतो. पहिलीला मुळाक्षरं गिरवायला द्यायची, दुसरीला बेरजा, तिसरीला वाचन, आणि चौथीला शिकवायला उभं राहायचं. दहा मिनिटांनी पहिलीतलं पोर रडतं. मोठी मुलं लहानांना शिकवतात, ही बहुवर्ग अध्यापनाची चांगली बाजू आहे आणि ती मी भरपूर वापरली. माझ्या चौथीच्या मुली पहिलीच्या मुलांना अशा शिकवायच्या की मी बघत राहायचो. पण तिसरीत एकच मूल असतं तेव्हा ते कोणाबरोबर चर्चा करणार? चुकलं तर कोणाचं बघून सुधारणार? लंगडी, खो-खो, कबड्डी यातलं काहीही नऊ जणांत होत नाही. गाणी होतात, समूहगीत होत नाही.

त्यात शिक्षक एकच. केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची बैठक, प्रशिक्षण, मतदार यादीचं काम, ऑनलाइन माहिती, यातलं काहीही आलं की शाळेला कुलूप नाहीतर अंगणवाडीच्या सेविकेच्या भरवशावर मुलं. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे कोणत्या शाळेला किती शिक्षक हे ठरवणाऱ्या निर्णयात वीसपर्यंतच्या पटाला एकच नियमित शिक्षक धरला आहे. तुमच्या बाई आजारी पडल्या तर त्या दिवशी तुमच्या मुलाची शाळा नाही.

मी एका गावात स्वतः पालकांना समजावून शाळा जोडायला लावली होती. तिथे अंतर खरोखर सपाट रस्त्याने सातशे मीटर होतं. पहिला महिना मुलं बावरली. दिवाळीनंतर त्यातली एक मुलगी, जी माझ्याकडे तोंड उघडत नव्हती, तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत उभी राहिली. तेव्हा मला वाटलं की हे आधीच करायला हवं होतं.

म्हणून माझा प्रश्न ताईंना एवढाच: वाट चांगली असती, साकव धड असता, तर तुम्ही मुलाला मोठ्या शाळेत घातलं असतं का?

---

साकवापलीकडे · ९ जुलै, रात्री ९.०५

गुरुजी, दिवसभर तुमच्याच प्रश्नाचा विचार करत होते. भात लावणी चालू आहे, चिखलात उभं राहून विचार करायला वेळ असतो.

हो, कदाचित घातलं असतं. माझा मुलगा दुसरीत तिघांपैकी एक आहे आणि बाकी दोघी मुली एकमेकींच्या बहिणी. त्याला मित्र नाही. तो मोठ्यांच्या मागे मागे फिरतो. हे मला दिसतं.

पण आमच्या वाडीत आणखी दोन घरं आहेत जी लावणी-कापणीला मजुरीला जातात. आई-बाप सकाळी सातला बाहेर. त्यांची मुलं शाळेत स्वतःची चालत येतात कारण शाळा दाराशी आहे. त्यांना साकवापलीकडे कोण नेणार? मी माझ्या मुलाला नेईन. ती मुलं घरी राहतील. आधी पावसाचे दोन महिने, मग कायमची. गुरुजी, तुम्ही त्या मुलीचं सांगितलंत तसं या मुलांचंही होताना मला दिसतंय, फक्त उलट्या बाजूने.

आणि पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी विधवा आहेत. तेवढंच त्यांचं मानधन. पत्रात त्यांचा उल्लेखही नाही.

---

आई_दोघींची · ९ जुलै, रात्री १०.४०

मी चार वर्षांपूर्वी आमच्या वाडीच्या शाळेतून मोठ्या मुलीला काढून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घातलं. गाडी दारात येते, महिन्याला भाडं जातं, नवऱ्याचा अर्धा पगार फीमध्ये. मी काढली तेव्हा पट अकरा होता. माझ्यानंतर आणखी दोघांनी काढली. दोन वर्षांनी शाळा जोडली गेली. गावातल्या म्हाताऱ्या मला अजून बोलून दाखवतात.

मी का काढली? त्या वर्षी शाळेत शिक्षकच नव्हते. आधीचे गुरुजी आंतरजिल्हा बदलीने आपल्या गावाकडे गेले, त्यांच्या जागी सहा महिने कोणी आलं नाही. शेजारच्या शाळेचे शिक्षक दिवसाआड येऊन जायचे. मी किती दिवस थांबणार होते? मुलीचं वय थांबत नाही.

सगळे म्हणतात पट कमी म्हणून शिक्षक मिळत नाही. आमच्याकडे आधी शिक्षक गेला, मग पट गेला. हा क्रम कुणी लिहून ठेवत नाही.

---

दिवा_लोकल · ९ जुलै, रात्री ११.०२

ताई, तुमची चूक नाही. आमच्याकडेही अगदी हाच क्रम.

---

आकडेमोड · १० जुलै, सकाळी ८.३०

थोडं राज्यभराचं चित्र मांडतो, म्हणजे हा एका वाडीचा प्रश्न नाही हे लक्षात येईल.

डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करायचं ठरलं, त्यावर खूप ओरड झाली. मग सप्टेंबर २०२३ मध्ये समूह शाळांचं, म्हणजे आसपासच्या लहान शाळा एकत्र करून एक मोठी शाळा करायचं पत्र निघालं, उदाहरणं दिली होती नंदुरबारमधलं तोरणमाळ आणि पुण्यातलं पानशेत. त्या वेळी वीसपर्यंत पटाच्या शाळा होत्या १४,७८३, त्यात मुलं १,८५,४६७ आणि शिक्षक २९,७०७. भागाकार करा: एका शाळेत साडेबारा मुलं, दोन शिक्षक. वित्त विभागाच्या टेबलावर हाच भागाकार असतो. तिथे पऱ्या दिसत नाही.

यातल्या कितीतरी शाळा रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, सातारा, पुण्याचा डोंगरपट्टा अशा भागात आहेत. कारण तिथे गाव एका ठिकाणी नाही, वाड्यांमध्ये विखुरलेलं आहे. म्हणून तर २००० सालच्या सुमारास याच शासनाने वस्तीशाळा काढल्या, हजार रुपये मानधनावर निमशिक्षक नेमले, मूल शाळेपर्यंत पोचत नाही तर शाळा मुलापर्यंत नेऊ म्हणून. वाड्या तिथेच आहेत. डोंगर तोच आहे.

आणि जन्मदरही बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, १.७ आला. पट आणखी कमी होणार. राष्ट्रीय शिक्षण धोरणातच लिहिलंय की २०१६-१७ ला देशातल्या २८ टक्के सरकारी प्राथमिक शाळांत तीसपेक्षा कमी मुलं होती आणि एकशिक्षकी शाळा होत्या १,०८,०१७. त्या धोरणाचा उपाय शाळा संकुल आहे, म्हणजे लहान शाळांनी शिक्षक, ग्रंथालय, खेळाचं सामान वाटून घ्यायचं. आपल्याकडे त्याचा अर्थ इमारतीला कुलूप असा लावला जातोय.

---

वडाप · १० जुलै, दुपारी १२.१०

इगतपुरीच्या दरेवाडीची मुलं आठवतात का? भाम धरणात विस्थापित झालेली वाडी. २०२२ मध्ये शाळा बंद केली तर मुलं बकऱ्या घेऊन नाशिकला जिल्हा परिषदेत गेली. "दप्तर घ्या, बकऱ्या द्या." माझ्या डोळ्यासमोरून ते चित्र जात नाही.

---

बामणोलीची_लाँच · १० जुलै, रात्री ८.५५

मी जावळी तालुक्यातली, कोयनेच्या फुगवट्याकाठची. आमच्याच भागातल्या खिरखंडीच्या मुली स्वतः होडी वल्हवत शाळेला जायच्या, ती बातमी वाचून जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली होती. तेव्हा लोक हळहळले. आम्हाला त्यात नवीन काही नव्हतं.

ताई, तुम्ही नंतर काय होतं ते विचारलंत. माझ्या माहेरच्या वाडीची शाळा जोडली तेव्हा गाडी देऊ म्हणाले होते. पहिल्या वर्षी जीप आली. दुसऱ्या वर्षी दिवाळीपर्यंत आली, मग गाडीवाल्याचे पैसे थकले आणि त्याने बंद केली. वाहतुकीसाठी मुलामागे वर्षाला सहा हजारांपर्यंत मिळतात. सात मुलांचे झाले बेचाळीस हजार. घाटातल्या रस्त्याला दहा महिने रोज दोन खेपा कोण करेल त्यात? डिझेलच त्याहून जास्त जातं.

मुलगे पायी जाऊ लागले. तीन मुलींपैकी दोघी मामाच्या गावी ठेवल्या. तिसरीचं शिक्षण पाचवीला थांबलं. ती आता बावीस वर्षांची आहे, माझ्या भावजयीची बहीण.

एक गोष्ट नक्की करा. गाडी देणार असतील तर कोण देणार, कोणत्या तारखेपासून, पैसे कोणत्या खात्यातून, गाडी आली नाही त्या दिवशी काय, हे आधी लेखी घ्या. शाळा बंद होण्याआधी.

---

निवृत्त_गुरुजी · १० जुलै, रात्री ९.४०

बामणोलीच्या ताईंचं वाचलं. मी जोडलेल्या शाळेत गाडीची गरजच नव्हती, म्हणून माझा अनुभव गोड झाला. हे मी काल लिहिताना पुरेसं लक्षात घेतलं नाही.

---

बेलव्ह्यूकर · ११ जुलै, सकाळी ६.१५

मी अमेरिकेत, सिॲटलजवळ बेलव्ह्यूला राहतो. तुलना करणं बरोबर नाही, तिथे आणि इथे जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण इथेही शाळा बंद होताना बघितली म्हणून लिहितो.

२०२३ च्या सुरुवातीला आमच्या स्कूल बोर्डापुढे तीन प्राथमिक शाळांची नावं आली: आर्डमोर, ईस्टगेट, विल्बर्टन. कारणं तीच, मुलं कमी होताहेत, घरं इतकी महाग की लहान मुलांची कुटुंबं राहायला येत नाहीत, आणि राज्याचा पैसा मुलांच्या संख्येवर मिळतो. शेवटी ईस्टगेट आणि विल्बर्टन बंद झाल्या, आर्डमोर राहिली. शेजारच्या सिॲटलमध्ये २०२४ ला वीसेक शाळांची चर्चा सुरू झाली, ती चारवर आली आणि नोव्हेंबरमध्ये तो प्रस्तावच मागे घेतला. तूट नऊ कोटी चाळीस लाख डॉलरची सांगत होते, चार शाळा बंद करून त्यातला फार छोटा भाग वाचणार होता. पालकांनी तेच धरून ठेवलं.

त्या बैठकांना मी गेलो होतो. बोर्डाचे सदस्य निवडून आलेले, समोर बसलेले. कोण कोणत्या बाजूने मत देतो ते सगळ्यांसमोर. तुमच्याकडे असा माणूस कोण आहे, ज्याला सोमवारी समोर बसवता येईल?

---

कलमवाचक · ११ जुलै, सकाळी ८.०५

बेलव्ह्यूकर, अडचण तिथेच आहे. रत्नागिरीसकट बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तेव्हापासून प्रशासक आहेत. शिक्षण समिती नाही, सभापती नाही, तुमच्या गटाचा सदस्य नाही. पूर्वी असा विषय आला की सदस्य सभागृहात उभा राहायचा, तालुक्यात परत येऊन तोंड दाखवायचं असायचं. आता मत देणारं कोणी उरलेलं नाही, फक्त अभिप्राय मागवणारे आहेत. म्हणून ग्रामसभेचा ठराव जास्त महत्त्वाचा.

---

मांडवीकाठ · ११ जुलै, सकाळी ११.३०

गोव्यात आमच्या गावची सरकारी मराठी प्राथमिक शाळा अशीच रिकामी होत गेली. २०११ मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान मिळू लागलं, तेव्हा मोठं आंदोलन झालं, मीही त्यात होते. आंदोलन करून घरी आलेल्या कितीतरी जणांनी पुढच्या जूनमध्ये मुलं इंग्रजीत घातली. मी घातली नाहीत. तेव्हा वर्गात माझ्या मुलासकट चार होते. ती चार मुलं आजही एकमेकांची जिवाभावाची आहेत, पण शाळा नाही.

---

वडाप · ११ जुलै, दुपारी १.००

पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरचं कोणी लिहिलं नाही अजून. जिल्हा परिषदेची शाळा, पट तीनवर आला होता. गुरुजी आणि गावकरी मिळून उभे राहिले, आज शंभराच्या वर मुलं आहेत आणि यंदा जागतिक उत्कृष्ट शाळा पुरस्काराच्या अंतिम यादीत नाव आहे. म्हणजे होऊ शकतं!

---

निवृत्त_गुरुजी · ११ जुलै, दुपारी ३.३५

जालिंदरनगरच्या शिक्षकांना माझा मनापासून नमस्कार. पण तिथे आजूबाजूला मुलं होती, ती दुसऱ्या शाळांत जात होती, ती परत आली. ताईंच्या वाडीत मुलंच नाहीत. त्या उदाहरणाने त्यांच्या बाईंवर ओझं टाकू नका. कितीही चांगलं शिकवलं तरी नसलेलं मूल पटावर येत नाही.

ताई, मी तुमच्या जागी असतो तर ठरावात "शाळा बंद करू नका" एवढंच लिहिलं नसतं. मी लिहिलं असतं: एक, अंतराची संयुक्त स्थळपाहणी करा, समितीच्या सदस्यांसमोर, पावसात. दोन, पहिली-दुसरी वाडीतच ठेवा, तिसरी-चौथीचा विचार साकव आणि गाडी झाल्यावर करू. तीन, तोवर आठवड्यातून एक दिवस मोठ्या शाळेत सगळ्यांनी एकत्र जायचं, खेळाला, गाण्याला. मी असा आठवड्याचा दिवस एकदा केला होता. पालक स्वतः सोडायला यायचे.

---

साकवापलीकडे · ११ जुलै, रात्री ९.२०

गुरुजी, आठवड्याच्या दिवसाचं बाईंना सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, मलाही कोणाशी तरी बोलायला मिळेल.

---

केंद्रातून · १२ जुलै, सकाळी ७.३०

मी दुसऱ्या जिल्ह्यात केंद्रप्रमुख आहे. आमच्या बाजूचं सांगते. वरून तक्ता येतो, त्यात अंतराचा रकाना असतो, दोन दिवसांत भरून मागतात. केंद्रात दहा-बारा शाळा, प्रत्येक वाट चालून बघायला वेळ कोणाला मिळतो? नकाशावर दोन टोकं धरली जातात. तुमचे ९०० मीटर असेच आले असतील. तिथल्या माणसाचा वाईट हेतू असेल असं धरून सभेत सुरुवात करू नका. चालत येता का, एवढं विचारा. बहुतेक जण येतात.

दुसरं, त्या मुलीच्या आधारचं आजच बघा. नाव, जन्मतारीख यांतलं एखादं अक्षर चुकलेलं असतं. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते. आठ आणि नऊ यात फरक पडत नाही असं वाटेल, पण तुमच्याच ठरावात नऊ आणि त्यांच्या तक्त्यात आठ असेल तर पुढचं बोलणं तिथेच अडतं.

---

साकवापलीकडे · १४ जुलै, रात्री १०.५०

ग्रामसभा झाली. पाऊस जोरात होता, तरी देवळाच्या सभामंडपात माणसं मावत नव्हती. आमच्या वाडीतून सगळ्या घरांतून कोणी ना कोणी आलं.

मोठ्या वाडीतले काही जण म्हणाले, आमच्या शाळेचाही पट तेवीसच आहे, तुमची नऊ आली तर आमचे दोन शिक्षक टिकतील. हे मला आधी सुचलंच नव्हतं. त्यांचीही भीती खरी आहे. पुढच्या वर्षी ते वीसच्या खाली आले तर असंच पत्र त्यांना येणार. मी उत्तर देऊ शकले नाही. मग त्यांच्यातलीच एक आजी उठली आणि म्हणाली, पोरं पऱ्यात गेली तर तुमचे शिक्षक कोणाला शिकवतील. त्यानंतर कोणी बोललं नाही.

ठराव गुरुजींनी सांगितला तसाच, तीन मुद्द्यांचा. पहिलं वाक्य अंतराचं. शिवाय मावशींच्या मानधनाचं एक वाक्य आणि साकवाच्या कठड्याची मागणी. केंद्रप्रमुख आले होते. मी विचारलं, साहेब, चालत येता का? म्हणाले, गुरुवारी सकाळी येतो.

मुलीचं आधार जुळलं. आडनावात एक वेलांटी चुकली होती.

एक विचारायचं आहे: पायवाटेचं अंतर मोबाइलवर कसं मोजतात? नकाशात आमची पाखाडी दिसतच नाही.

---

कलमवाचक · १४ जुलै, रात्री ११.१०

चालताना वाटेची नोंद ठेवणारं कोणतंही साधं ॲप चालेल, घरून निघताना सुरू करा, शाळेच्या पायरीवर बंद करा. पण झाडीत ते चुकतं. सोबत सुताराची टेप घ्या, पन्नास मीटरची मिळते. दोन्ही मापं लिहा, खाली सगळ्यांच्या सह्या घ्या, पंचनाम्यासारखं.

---

साकवापलीकडे · १७ जुलै, दुपारी २.१५

आज सकाळी चाललो. केंद्रप्रमुख, बाई, समितीच्या आम्ही पाच जणी आणि माझा मुलगा, कारण तोही म्हणाला मी मोजणार. टेपचं एक टोक त्याच्या हातात होतं.

वाडीच्या शाळेपासून मोठ्या शाळेच्या पायरीपर्यंत १,७४० मीटर. शेवटच्या घरापासून १,९६०. साकवावर केंद्रप्रमुखांनी चप्पल काढून हातात घेतली आणि माझ्या मुलाचा हात धरला. पलीकडे गेल्यावर त्यांनी स्वतःच्या वहीत लिहिलं, मी वाचलं नाही. परत येताना पऱ्याचं पाणी वाढलं होतं म्हणून गाडीरस्त्याने आलो, ते अंतर त्यांच्या मोटरसायकलच्या मीटरवर चार किलोमीटर आणि थोडं वर भरलं.

कागदावर सगळ्यांच्या सह्या झाल्या. ते म्हणाले, अहवाल वर पाठवतो, निर्णय माझ्या हातात नाही. आठवड्याच्या दिवसाला मात्र त्यांनी तिथेच होकार दिला. शनिवारी पाऊस कमी असला तर पहिल्यांदा जाणार आहोत. मोठ्या वाडीतल्या दोघी साकवापर्यंत घ्यायला येते म्हणाल्या.

मुलगा मघापासून विचारतोय, तिकडे दुसरीत मुलगे किती आहेत. मी सांगितलं, चार.